पेरू: फक्त माचू पिक्चूसाठी नको, मग कशासाठी जावं?

डोंगरझरा

दक्षिण अमेरिकेचा विषय निघाला की गप्पा माचू पिक्चूपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. लिमाला उतरा, कुस्को गाठा, रेल्वेने जा, फोटो काढा, परत या. एवढंच करायचं असेल तर इतक्या लांब जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेरूला जावं ते तिथल्या डोंगरातल्या माणसांनी जमीन, पाणी आणि बियाणं यांचं काय केलं आहे ते बघायला. माझं काम शेतीशी संबंधित आहे, म्हणून मला हे जास्त भिडलं असेल. पण सोबतच्या मंडळींचा शेतीशी काही संबंध नव्हता, तरी तीही तितकीच रमली.

आपल्या उपासाच्या ताटापासून सुरुवात करते. बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी पिकं मुळात अमेरिका खंडातली. बटाटा तर थेट अँडीज पर्वतातला. टिटिकाका तलावाच्या परिसरात माणसाने तो हजारो वर्षांपूर्वी रानातून शेतात आणला. अँडीजमध्ये आजही त्याच्या ४००० हून अधिक स्थानिक जाती आहेत आणि आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र १९७१ पासून लिमातच आहे. कुस्कोजवळच्या पिसाक गावाच्या वरच्या अंगाला अँडीजमधल्या मूळच्या केचुआ लोकांच्या काही गावांनी मिळून बटाट्याचं राखीव क्षेत्र सांभाळलं आहे, 'पार्के दे ला पापा'. तिथल्या बायका एकेक वाण हातात देऊन दाखवतात. जांभळ्या गराचे, लाल सालीचे, बोटासारखे लांब. एक वाण इतका गाठीगाठींचा, की तो नव्या सुनेला सोलायला देऊन तिचा हात बघतात, असं सांगतात.

आणखी उंचावर, जिथे जून-जुलैमध्ये रात्री पाणी गोठतं, तिथे 'चुन्यो' करतात. बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. सकाळी उन्हाने सैल झाले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की बटाटा वाळून हलका होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. दुष्काळासाठी केलेली ही साठवण इंकांच्याही आधीची आहे, आणि बाजारात आजही पोत्यांनी विकायला असते.

कुस्कोजवळच्या मोराईला जरूर जा. एकात एक बसवलेल्या गोल पायऱ्यांचे मोठे खड्डे आहेत, सगळ्यात मोठा सुमारे ३० मीटर खोल. वरच्या आणि तळाच्या पायरीच्या तापमानात चांगलाच फरक पडतो, त्यामुळे पिकं वेगवेगळ्या हवेत लावून बघण्याची ही जागा असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. खात्रीने कुणी सांगत नाही, पण काठावर उभं राहिलं की तो तर्क पटायला लागतो.

हे सगळं बघून मग माचू पिक्चूला जा. १५व्या शतकाच्या मध्यात पाचाकुती या इंका राजाच्या काळात हे डोंगरावरचं नगर बांधलं. वर्षाला सुमारे २००० मिमी पाऊस, सरळसोट उतार, त्यात भूकंपाचा पट्टा. तरी ते उभं आहे, कारण निम्म्याहून जास्त काम जमिनीखाली आहे. शेताच्या पायऱ्यांच्या पोटात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि वर माती. पाणी मुरतं आणि निघून जातं, साचत नाही. झऱ्याचं पाणी दगडी पाटाने आणून एकाखाली एक १६ धारांमधून वस्तीत खेळवलं आहे. गाइड सूर्यमंदिरापाशी बराच वेळ थांबतात. त्यांना आधी पाणी दाखवायला सांगा.

---

तळेगावकर

लेख आवडला. पण मनापासून एक शंका. उंचावरची गावं, पायऱ्यांची शेती, बर्फाचे डोंगर हे सगळं लडाखला आहे, नेपाळला आहे, उत्तराखंडात आहे. पेरूला थेट विमान नाही, जायलाच दीड दिवस लागतो आणि तिकिटाचा खर्च प्रचंड. तेवढ्या पैशात हिमालयाच्या किती तरी फेऱ्या होतील. मग पेरूच का?

---

डोंगरझरा

@तळेगावकर, प्रश्न रास्त आहे. डोंगरच बघायचे असतील तर हिमालय पुरेसा आहे. पेरूचं वेगळेपण असं, की समुद्र, वाळवंट, सहा हजार मीटरवरची शिखरं आणि पलीकडे ॲमेझॉनचं जंगल या गोष्टी एका देशात एकमेकींना खेटून आहेत, आणि एकीमुळे दुसरी झाली आहे.

पेरूच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो. थंड समुद्रावरची हवा वर चढत नाही, म्हणून किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. लिमा हे कोटभर वस्तीचं शहर अक्षरशः वाळवंटात आहे. हिवाळ्यात महिनोन् महिने धुकं असतं, पण सर म्हणून येत नाही. सगळं पाणी डोंगरातून उतरणाऱ्या लहान नद्यांचं. त्या नद्यांच्या खोऱ्यांतच जुनी शहरं वसली, आणि पाऊस नाही म्हणून ती टिकली. मातीच्या कच्च्या विटांचं चान चान, चिमू लोकांची राजधानी, त्रुहियोजवळ अजून मैलभर पसरलेलं दिसतं. पाराकासची दोन हजार वर्षांपूर्वीची विणलेली वस्त्रं रंगासकट शिल्लक आहेत. लिमाच्या उत्तरेला सुपे खोऱ्यात काराल आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं नगर, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्या काळातलं. मातीची भांडी त्यांच्याकडे नव्हती, पण पायऱ्यांचे मनोरे आणि गोल चौक होते. पुरातत्त्वज्ञ रूथ शेडी यांनी तिथे आयुष्य घातलं. लिमाहून एका दिवसात जाऊन येता येतं आणि बहुतेक पर्यटक ते सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

इंका हा या सगळ्यातला शेवटचा आणि जेमतेम शंभर वर्षांचा अध्याय आहे, हे तिथे गेल्यावर नीट उमगतं.

---

बांधावरचा

शेतकरी म्हणून एक भर घालतो. दर वर्षी मे-जूनमध्ये आपण ज्याच्या बातम्या जीव मुठीत धरून वाचतो तो एल निनो याच किनाऱ्यावरचा. पेरूच्या कोळ्यांना तो शास्त्रज्ञांच्या आधी माहीत होता: काही वर्षी डिसेंबरच्या सुमाराला समुद्र कोमट होतो, मासळी गायब होते आणि वाळवंटात पूर येतात. तिकडे पूर येतात तेव्हा पुष्कळदा इकडे मराठवाड्यात पाऊस ओढ देतो.

दुसरं खताचं. पाराकासहून होडीने बायेस्तास बेटांपाशी नेतात. समुद्रसिंह, पेंग्विन आणि लाखो समुद्रपक्षी. त्या पक्ष्यांची विष्ठा म्हणजे ग्वानो. पाऊस नसल्याने ती धुपून जात नाही, नत्र टिकून राहतं. १९व्या शतकात युरोपातली शेती या खतावर चालली आणि पेरूचा खजिनाही. ते खणायला चीनहून मजूर करारावर आणले आणि त्यांचे हाल हाल केले. लिमात गल्लोगल्ली जी 'चिफा' नावाची चिनी पद्धतीची खानावळ दिसते तिची मुळं त्या काळातल्या चिनी मजुरांत आहेत. होडीतून बेटं बघताना हे ठाऊक असलं पाहिजे.

---

तळेगावकर

एल निनोचं हे डोक्यातच आलं नव्हतं. वाचतोय, अजून येऊ द्या.

---

अनघा_नाशिक

डोंगरझराताई, खूप छान धागा. आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे, दोघं पासष्टीच्या पुढचे, चालते-फिरते. दोन काळज्या आहेत. एक उंचीची आणि दुसरी जेवणाची. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तिथे फक्त मांस-मासे मिळतात असं ऐकलंय.

---

मृण्मयी_ह्यूस्टन

@अनघा, जेवणाचं मी सांगते. आमच्या घरीही शाकाहारच.

उपाशी राहणार नाहीत, पण विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. तिथे 'मांस नको' म्हटलं की कोंबडी चालेल असं समजतात. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन ह्वेवो' असं पूर्ण सांगा: मांस, कोंबडी, मासे, अंडं, काहीच नको. सूप किन्वाचं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, ते वेगळं विचारा.

खाण्यासारखं पुष्कळ आहे. 'चोक्लो कोन केसो' म्हणजे मोठमोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि ताजं चीज; कुस्कोजवळच्या पवित्र दरीत, म्हणजे उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, रस्त्यालगत मिळतं. 'पापा आ ला वांकाइना' म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीची आणि चीजची सरसरीत चटणी. वर उकडलेलं अंडं ठेवतात, ते काढायला आधीच सांगायचं. आरेकिपात 'सोल्तेरो दे केसो' मिळतं: पावट्यासारखे मोठे दाणे, मका, चीज आणि रोकोतो मिरची यांची कोशिंबीर. रोकोतो दिसायला ढोबळी मिरचीसारखी आणि तिखट मात्र जबरदस्त. जांभळ्या मक्याचं गोडसर 'चिचा मोरादा' आईबाबांना आवडेल. फळांत चिरिमोया घ्याच, ते आपल्या सीताफळाचं सख्खं भावंड आहे.

कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात राजगिऱ्याच्या वड्या मिळतात. तिकडे त्याला किविचा म्हणतात. प्रवासात पिशवीत ठेवायला उत्तम. कुस्कोत आणि लिमात शाकाहारी खानावळी भरपूर आहेत. खेड्यापाड्यांत मात्र भात, बटाटा, मका, सालाद यावर भागवावं लागेल, ही तयारी हवी.

जे मासे खातात त्यांच्यासाठी लिमा म्हणजे पर्वणी. सेविचेला, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या मासळीला, २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

---

खडकमाळ

उंचीबद्दल. मी सत्तरी ओलांडल्यावर पत्नीसह गेलो होतो, त्यामुळे खात्रीने लिहितो.

लिमा समुद्रसपाटीला आणि कुस्को ३४०० मीटरवर. विमान सव्वा-दीड तासात तेवढं चढवतं, शरीराला वेळच मिळत नाही. उपाय सोपा आहे. कुस्कोला उतरल्याबरोबर गाडीने खाली पवित्र दरीत उरुबाम्बा किंवा ओयान्तायताम्बोला जायचं. ती गावं २८०० ते २९०० मीटरच्या आसपास आहेत. तिथे काही रात्री काढायच्या, तिथूनच रेल्वेने माचू पिक्चू करायचं, ते तर २४३० मीटरवरच आहे. कुस्को शहर शेवटी ठेवायचं. तोवर शरीर सरावलेलं असतं.

पहिले दोन दिवस पोटभर जेवू नये, भराभर चालू नये, पाणी पीत राहावं. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात ठेवलेलाच असतो, तो तिथे कायदेशीर आहे. पण ती पानं किंवा त्या चहाच्या पुड्या बॅगेत घालून भारतात किंवा अमेरिकेत अजिबात आणू नका. रक्तदाब, हृदयविकार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. उंचीसाठीच्या गोळ्याही त्यांनी सांगितल्या तरच.

माचू पिक्चूच्या आत स्वच्छतागृह नाही आणि बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत. पायऱ्या उंच आणि असमान आहेत, काठी न्या, टोकाला रबर असलेली.

इंद्रधनुषी डोंगर म्हणून ज्याचे फोटो फिरतात तो विनिकुन्का ५००० मीटरच्या वर आहे. ज्येष्ठांनी तिकडे जाऊ नये. तरुणांनीही पहिल्या दोन-तीन दिवसांत जाऊ नये.

---

अनघा_नाशिक

काका, मृण्मयीताई, खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं. राजगिऱ्याच्या वड्यांमुळे तिची निम्मी भीती गेली.

---

पिंगळा

पक्षीनिरीक्षक इथे कुणी असतील तर त्यांच्यासाठी. पेरूत १८०० हून अधिक जातींचे पक्षी आहेत. गुंजनपक्षी म्हणजे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडातच आढळतात. आपल्याकडे फुलांवर येतो तो शिंजीर, त्याचं कूळ पूर्ण वेगळं.

मानूचा रस्ता हा माझा सर्वात लाडका. कुस्कोकडून निघालं की गवताळ उंच पठार, मग ढगांचं जंगल, मग खाली ॲमेझॉनचं खोरं, आणि प्रत्येक टप्प्यावर पक्षी बदलत जातात. ढगांच्या जंगलात पहाटे 'कॉक ऑफ द रॉक' या पक्ष्याचे नर एका ठरलेल्या जागी जमून नाचतात. भडक नारिंगी-लाल रंग, आणि आवाज डुकराच्या घुरघुरण्याच्या जवळ जाणारा! तांबोपातात नदीकाठच्या मातीच्या कड्यावर मकाव पोपट माती खायला उतरतात. कोल्का दरीत सकाळी ऊन तापलं की गरम हवेवर काँडोर, म्हणजे अँडीजमधली प्रचंड गिधाडं, वर येतात. ताटकळावं लागतं, पण येतात तेव्हा कधी कधी नजरेच्या खालून वर येतात.

उत्तरेला चाचापोयासकडे गेलात तर शेपटीला दोन चकत्या लटकणारा 'मार्व्हलस स्पॅच्युलटेल' शोधा. तो पेरूच्या बाहेर कुठेच नाही.

---

कातळकोपरा

ट्रेकिंगवाल्यांसाठी थोडं.

माचू पिक्चूला चालत नेणाऱ्या जुन्या वाटेवर, म्हणजे इंका ट्रेलवर, दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, त्यात गाइड आणि पोर्टरही धरलेले. फेब्रुवारीत देखभालीसाठी पूर्ण बंद. मे ते ऑगस्टची जागा कित्येक महिने आधी संपते. कंपनी निवडताना किमतीइतकंच हेही विचारा, की पोर्टरला किती किलो उचलायला लावता, झोपायला काय देता. ओझ्यावर कायद्याने मर्यादा आहे, पाळणारे पाळतात आणि न पाळणारेही आहेत.

माझं मत विचाराल तर चोकेकिराओ करा. आपुरिमाक नदीच्या खोल दरीत पूर्ण उतरायचं आणि समोर पुन्हा तेवढंच चढायचं. माचू पिक्चूच्याच घडणीचं इंका नगर, पायऱ्यांच्या भिंतींत पांढऱ्या दगडांनी जडवलेले लामा, आणि माणसं अगदी मोजकी. सह्याद्रीत घाटवाटा तुडवणाऱ्यांना दम लागेल, पण जमेल.

बर्फाचे डोंगर हवे असतील तर वारासला या. कोर्दियेरा ब्लांका ही उष्णकटिबंधातली सर्वात उंच रांग, तिच्यात वास्कारान ६७६८ मीटर. खाली युंगाय आहे. ३१ मे १९७० च्या भूकंपात वास्कारानचा एक कडा बर्फासकट सुटला आणि काही मिनिटांत ते गाव हजारो माणसांसह गाडलं गेलं. आज तिथे स्मृतिस्थळ आहे. चौकातल्या ताडांचे शेंडे आणि चर्चच्या भिंतीचा तुकडा एवढंच वर राहिलं. ट्रेकच्या आधी तिथे अर्धा दिवस द्याच.

---

रुपाली_के

व्हिसाचं कुणी सांगेल का? आणि पिवळ्या तापाची लस खरंच घ्यावी लागते?

---

मृण्मयी_ह्यूस्टन

@रुपाली, भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल, किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. २०१७ पासूनची सवलत आहे. हे नसेल तर दिल्लीच्या पेरू वकिलातीकडून घ्यावा लागतो. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघाच. आणि विमान अमेरिकेतून बदलणार असाल तर नुसतं बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. नसेल तर युरोपमार्गे जा.

लस घ्या. ॲमेझॉनकडे जाणार असाल तर स्वतःसाठी, आणि नसाल तरी परतीसाठी. पेरू पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत असल्याने तिथून भारतात उतरताना प्रमाणपत्र मागतात आणि नसलं तर विलगीकरणात ठेवू शकतात. सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ज्येष्ठांना ही लस द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात, अनघाने हे आधीच विचारून ठेवावं.

---

तळेगावकर

एवढं वाचल्यावर माझा विरोध मावळला आहे. आता व्यावहारिक प्रश्न. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते. तेव्हा जावं का? आणि मूळ लेखात विणकामाचा, लोकांच्या जगण्याचा भाग राहिला आहे असं वाटलं.

---

डोंगरझरा

@तळेगावकर, मे अगदी योग्य. डोंगरात पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे मे महिन्यात आकाश स्वच्छ, उतार अजून हिरवे, आणि जून-जुलैची गर्दी सुरू व्हायची असते. लिमा तेवढं ढगाळ मिळेल. माचू पिक्चूचं तिकीट ठरावीक मार्गाचं आणि ठरावीक वेळेचं असतं. आधी ते काढा, मग रेल्वे, मग हॉटेल. वरून दिसणारा नेहमीचा देखावा हवा असेल तर तो कोणत्या मार्गावर येतो ते तिकीट काढतानाच बघा. मोराई, पिसाक, ओयान्तायताम्बो, चिंचेरो, साक्सायवामान यांच्यासाठी कुस्कोचं १० दिवसांचं एकत्रित तिकीट मिळतं, ते घ्या.

विणकामाचं राहिलं खरं. चिंचेरोत बायका लोकर कशी रंगवतात ते दाखवतात. निवडुंगावरची कोचिनिल कीड तळहातावर चिरडली की गडद लाल रंग येतो, लिंबाचा थेंब टाकला की तो नारिंगीकडे झुकतो. मुलं तिथून हलणार नाहीत. टिटिकाकातल्या ताकिले बेटावर पुरुष विणतात, चालता चालताही हातात सुया असतात.

पण मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते केस्वाचाका पुलाबद्दल. आपुरिमाक नदीवर सुमारे ३० मीटरचा, गवताच्या दोरांनी विणलेला पूल. दर जूनमध्ये चार गावं मिळून जुना पूल तोडून नवा विणतात. घराघरातून वळलेली दोरी यायची, बारीक दोऱ्यांचा जाड दोर करायचा, जाड दोरांचे सोल, आणि दोन्ही काठांवरून पुरुषांनी ओढून ताणायचे. केचुआ लोकांत एकमेकांच्या कामाला जाण्याची ही रीत 'आयनी' म्हणून ओळखली जाते, आपल्याकडच्या सावडीसारखी. महामारीत पूल विणायचा राहिला आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो कोसळला. त्याच जूनमध्ये गावांनी पुन्हा विणला. शेजारी गाड्यांसाठी लोखंडी पूल आहे, गवताच्या पुलाची ये-जा करायला गरज उरलेली नाही, तरी विणतात.

---

बांधावरचा

सावड आमच्याकडे आता भातलावणीपुरती उरली आहे, तीही मोजक्या घरांत. हा पूल विणताना बघायचा तर नेमकं कधी जावं लागेल?

---

डोंगरझरा

जूनच्या पहिल्या पंधरवड्याकडे असतो, तारीख गावं ठरवतात, त्यामुळे कुस्कोत पोचून खात्री करून घ्या. कुस्कोहून गाडीने जाऊन यायला अख्खा दिवस जातो, पहाटे निघायला हवं. २४ जूनला कुस्कोत इंती राय्मी हा इंकांचा सूर्योत्सव असतो, पण त्या आठवड्यात खोल्या मिळणं मुश्कील आणि महाग. पूल बघून त्याआधीच टिटिकाकाकडे निघून जावं. बांधावरचे, तुम्ही जाणार असाल तर पिसाकच्या बटाटेवाल्या गावांत राहायची सोय कशी करायची ते मी व्यक्तिगत निरोपातून कळवते.